मुलाचं शाळेतलं पहिलं वर्ष : या चुका टाळा

पहिल्या दिवशी भोकाड पसरणाऱ्या मुलांची आम्हा बालवाडीच्या ताईंना फारशी काळजी नसते. लक्ष ठेवावं लागतं ते उड्या मारत आत आलेल्यांवर. नवा डबा, गेटवरचे फुगे, कोपऱ्यातली घसरगुंडी, सगळी मजाच वाटलेली असते. हे रोजचं आहे आणि आई आत येणार नाही, हे ध्यानात यायला आठ-पंधरा दिवस जातात. मग जूनअखेर फोन सुरू होतात : “ताई, आधी तर छान जात होता, आता गेटवरच पाय धरतो. शाळेत काही झालंय का?” बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. पोराला फक्त हिशेब कळलेला असतो.

एकदा रुळलं की रुळलं, ही पहिल्या वर्षाबद्दलची सगळ्यांत मोठी गैरसमजूत. मूल रुळतं, तापाने आठवडाभर घरी राहतं, पुन्हा रडतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर रडतं. घरात धाकटं भावंड आलं की रडतं. हे धरून चाललात तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतील.

गेटवरून गुपचूप सटकणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी करतं, बहुधा आजोबा. “ते बघ कबुतर” म्हणायचं, पोर वळलं की पसार. त्या दिवशी रडणं वाचतं. दुसऱ्या दिवशी मात्र ते मूल कबुतराकडे बघत नाही, आजोबांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसतं. खेळात हात घालतं तेही एकाच हाताने, कारण नजर हटली की माणूस जातं हे ते शिकलेलं असतं.

सांगून निघा. एक पापा, एक टाटा, ठरलेलं वाक्य आणि चालू पडा. ते रडेल, रडू दे. “लगेच येते” म्हणू नका, कारण तुमचं लगेच तीन तासांचं असतं. “डबा खाऊन झाला, गाणी झाली, की मी गेटवर” असं सांगा, म्हणजे त्याला दिवस मोजता येतो. आणि पहिला महिना खरोखर पाच मिनिटं आधी येऊन उभे राहा. बाकीची मुलं एकेक करून जाताना बघत बसणं हे सकाळच्या रडण्यापेक्षा वाईट. निघाल्यावर खिडकीतून डोकावणं तर नकोच. तुमचं डोकं दिसलं की आमची अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात.

याच्याच जोडीची सवय म्हणजे “थांब, तुझ्या बाईंना नाव सांगते!” जेवत नाही, बाईंना सांगते, झोपत नाही, बाईंना सांगते. मग त्याच बाईंच्या मांडीवर त्याने विश्वासाने बसावं अशी अपेक्षा कशी करायची?

शू-शीचा विचार न करणं

पालक रंगपेट्या निवडतात, बाटलीवर कुठलं कार्टून हवं यावर चर्चा करतात आणि पोराला बटणाची जीन्स घालून पाठवतात. तीन वर्षांच्या बोटांना ते बटण सुटत नाही. सांगायची लाज वाटते, तोवर ओलं झालेलं असतं. इलॅस्टिकची चड्डी, दप्तरात एक जादा जोड आणि ओले कपडे ठेवायला पिशवी, एवढं पुरे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घरी कमोड असतो आणि शाळेत बऱ्याचदा भारतीय पद्धतीचा संडास. पोराला उकिडवं बसता येत नाही, भोकाची भीती वाटते, म्हणून ते दाबून धरतं. घरी आल्याबरोबर चपलेसकट बाथरूमकडे धावत असेल तर समजून जा. रोज धरून ठेवल्याने बद्धकोष्ठ होतं, मुलींना लघवीचा संसर्ग होऊ शकतो. मे महिन्यातच आजीकडे, नातेवाइकांकडे सवय करून घ्या. आणि कपडे ओले होतात म्हणून पाणीच कमी पाठवायचं, हा उपाय कृपा करून करू नका.

डब्याचंही तसंच. ज्या डब्याचं झाकण पोराला उघडत नाही, त्यातला खाऊ परत येतो आणि घरी वाटतं, शाळेत लक्ष देत नाहीत. घरी जमिनीवर बसून त्याच डब्यात चार दिवस खायला द्या.

“आज काय शिकवलं?”

याचं उत्तर “काही नाही” असंच येणार. मग पालक खोदतात : “कुणी मारलं का? बाई ओरडल्या का?” या वयाचं मूल अशा प्रश्नाला होकार देऊन मोकळं होतं, तुमचा चेहरा बघून गोष्ट वाढवतं, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरलेली असते. डब्याच्या वेळी शेजारी कोण बसलं होतं, आज कोण रडलं, असं काहीतरी विचारा, तेही पोटात चार घास गेल्यावर.

याचा अर्थ मुलाचं खोटं समजा असा नाही. ते आपणहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, एका माणसाचं नाव काढताच आक्रसत असेल, अंगावर वळ असतील, तर ग्रुपवर नव्हे, थेट मुख्याध्यापकांकडे जा आणि लेखी द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना बंदी आहे. तो कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असला तरी बालवाडीतलं मूल मारायला मोकळं आहे असा अर्थ कुणी काढू नये. लहान मुलाशी क्रूरतेने वागणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हाच आहे.

शाळेत शहाणं आणि घरी आल्यावर नुसती कुरकुर, हीही नेहमीची तक्रार. तीन-चार तास रांगेत राहून, वाटून खेळून ते दमलेलं असतं. त्यावर लगेच डान्स क्लास नको. झोप बघा : तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास लागते. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं, ते झोपेसाठीच. पण घरात अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर नऊची शाळाही लवकरच.

अर्ध्या तापात पाठवणं

जुलै-ऑगस्ट म्हणजे वाहती नाकं. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे, पहिल्यांदाच घोळक्यात आलेल्याला याहूनही जास्त. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरींमागे पळू नका. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल दहा-अकराच्या सुमारास पुन्हा तापतं आणि तोवर शेजारच्या दोघांना प्रसाद मिळालेला असतो. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल, तेव्हाच शाळा.

डिसेंबरच्या पोराला जानेवारीच्या पोराशी तोलणं

यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं असतं. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, पहिलीसाठी सहा. म्हणजे जूनमध्ये एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं साधारण साडेतीन वर्षांचं मूल असतं आणि डिसेंबर अखेरचं, ज्याची अडीचही पुरती झालेली नाहीत. एकाचं वय दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट. आणि पालकसभेला दोघांच्या आया एकमेकींच्या वह्या बघतात! डिसेंबरचं मूल वयाच्या नियमात बसतं म्हणजे पाठवलंच पाहिजे असं नाही. एक वर्ष थांबायची सोय आहे, ती वापरायला कमीपणा कसला?

लिहिण्याची घाई याच तुलनेतून येते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिलसाठी तयार नसतात. जबरदस्तीने अ-आ गिरवलं की ते पेन्सिल मुठीत आवळतं आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. त्यापेक्षा मटार सोलू द्या, कणकेचा गोळा द्या, चिमट्याने रुमाल वाळत घालू द्या. अक्षरं उलटी काढणं साधारण सात वर्षांपर्यंत दिसतं, त्यासाठी शिकवणी लावू नका. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तरच नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय. शाळा पानंच्या पानं देत असेल तर हे दाखवून विचारायला हरकत नाही. गंमत म्हणजे बऱ्याच शाळा सांगतात, “पालकच मागतात.” आणि ते खोटं नसतं.

घरातली मराठी बंद करणं

इंग्रजी माध्यमात घातलं की घरात “बेटा, वॉटर फिनिश कर” सुरू होतं. नवी भाषा कानावर पडली की मूल काही आठवडे, कधी काही महिने वर्गात गप्प राहतं. ते ऐकत असतं. घरी मात्र मोडकं इंग्रजी ऐकून ते दोन्हीकडे अडतं. गोष्टी, भांडणं, लाड सगळं मराठीतच चालू द्या. “शू लागली”, “बरं वाटत नाही” एवढी दोन-तीन वाक्यं तेवढी शाळेच्या भाषेत पाठ करून घ्या.

गॅदरिंगला तुमचं मूल टोपी घालून स्टेजवर खांबासारखं उभं राहील. राहू दे.

कधी थांबू नये

तीन वर्षं झाली तरी दोन-तीन शब्दांची वाक्यं जुळत नाहीत, नावाने हाक मारल्यावर बघत नाही, येत असलेलं बोलणं किंवा चालणं कमी होतंय, घरी भरपूर बोलणारं मूल महिनोन्‌महिने शाळेत एक शब्द काढत नाही, यातलं काही असेल तर “होईल मोठं झाल्यावर” यावर विसंबू नका. आधी कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात (वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) पाठवतात. खासगी बालवाडीत हे तपासणी पथक येत नसेल तर जवळच्या अंगणवाडीत त्यांच्या भेटीची तारीख विचारून ठेवा.