वन्यजीवांसाठी लेन्स निवडताना आधी अंतर मोजा

किती मिमीची लेन्स घ्यावी हे ठरवण्याआधी दोन आकडे हाताशी हवेत: जीव किती मोठा आहे आणि तो तुम्हाला किती जवळ येऊ देतो. जीवाची लांबी गुणिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागिले अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये धरलं की सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरच्या, प्रतिमेचा आकार निघतो. चिमणीएवढा १५ सेंटिमीटरचा पक्षी १० मीटरवर बसला असेल आणि लेन्स ४०० मिमीची असेल, तर प्रतिमा ६ मिमी लांब पडते. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे पक्षी चौकटीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. ६०० मिमीवर तोच ९ मिमीचा होतो, पाव चौकट भरते. दीड मीटर लांबीचं हरीण मात्र ४० मीटरवरूनही ३०० मिमीच्या लेन्सला ११ मिमीचं दिसतं, जवळपास एक तृतीयांश चौकट. म्हणूनच मोठ्या प्राण्यांना १००-४०० मिमीची झूम (फोकल लेंग्थ बदलता येणारी लेन्स) पुरते आणि छोट्या पक्ष्यांपुढे ६००सुद्धा तोकडी पडते.

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर फोकल लेंग्थला १.५ने (कॅननमध्ये १.६ने) गुणतात, त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवर २ने. यामुळे प्रतिमा मोठी होत नाही. ती ६ मिमीचीच राहते, भोवतालची चौकट तेवढी लहान होते. खरा फायदा पिक्सेल किती दाट आहेत यावर ठरतो. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम फोटोतून एपीएस-सीएवढा तुकडा कापला तर सुमारे २० मेगापिक्सेल उरतात. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा त्यापेक्षा किंचितच पुढे आहे. पण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममधून तेवढाच तुकडा कापला तर ११ही उरत नाहीत. तिथे क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) सरळ जिंकते.

आता ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं लेन्समधलं तोंड. फोकल लेंग्थला एफ/च्या आकड्याने भागलं की त्याचा व्यास मिळतो. ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिमी, तर ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिमी. पुढची काच निदान एवढ्या व्यासाची लागते. ६०० एफ/४ तीन किलोच्या आसपास जाते आणि १५०-६०० एफ/५-६.३ प्रकारची झूम दोन किलोंच्या आसपास राहते, त्याचं कारण हेच. या जादा काचेतून सुमारे अडीचपट प्रकाश मिळतो: पहाटे एफ/६.३ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथे एफ/४ला २५०० पुरतो. पार्श्वभूमीही जास्त विरघळते. पण १० मीटरवर ६०० मिमी एफ/४ला जेमतेम ६-७ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ/६.३ला साधारण १०. पक्षी तिरका बसला की डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर, हे मग ठरलेलंच.

दिवसभर गळ्यात वागवायची असेल तर तीन किलोंच्या लेन्सचा विचार सोडा. ती गाडीच्या खिडकीवरच्या बीनबॅगसाठी किंवा गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारी बैठक) लावलेल्या ट्रायपॉडसाठी आहे. पायी फिरणाऱ्यांना हलक्या प्राइम (एकाच फोकल लेंग्थच्या लेन्स) जास्त उपयोगी. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ दीड किलोच्याही आत आहे. तिच्यातल्या खास पीएफ (फेज फ्रेनेल) काचेमुळे समोरून प्रखर प्रकाश आला तर रंगीत वलयं उमटू शकतात, एवढं लक्षात ठेवायचं. प्राणी स्वतःहून जवळ येऊ शकतात अशा लपणीत मात्र झूमच हवी. झूममध्ये नळी बाहेर येणारी की आतल्या आत फिरणारी, हेही बघा. बाहेर येणारी पिशवीत आटोपशीर बसते, पण लांबवली की गिंबलवरचा तोल बदलतो.

बहुतेक परवडणाऱ्या झूम लेन्स सर्वांत लांब टोकाला आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला थोड्या मऊ पडतात, म्हणजे बारीक तपशील धूसर येतो. एफ/८ला आणल्यावर फरक दिसतो. निकाल बघायचा तो ६००लाच, कारण वापर तिथेच होणार. ३००ला सुरेख दिसणाऱ्या नमुना फोटोंवर भाळून काही उपयोग नाही.

लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. १.४एक्स एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) खातो, २एक्स दोन. एफ/४च्या प्राइमवर १.४एक्स चांगला चालतो. एफ/६.३च्या झूमवर तोच लावला की एफ/९ होतं, आणि बऱ्याच डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचं) ऑटोफोकस एफ/५.६ किंवा फार तर एफ/८पर्यंतच भरवशाचं असतं. मिररलेस (बिनआरशाचे) पुढे जातात, तरी कमी प्रकाशात चाचपडतात. कन्व्हर्टरची काच पुढे आलेली असते, त्यामुळे तो प्रत्येक लेन्सवर बसतही नाही. उत्पादकाची यादी बघूनच घ्यावा.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा म्हणजे किमान फोकस अंतर. फुलपाखरं आणि चतुरांसाठी लांब टेलीफोटो फार सोयीची असते, पण ती एक मीटरवर फोकस करते की अडीच मीटरवर, यावर सगळं अवलंबून. हा आकडा सेन्सरपासून मोजलेला असतो. म्हणून १०० मिमी मॅक्रोचं (अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सचं) अंतर ३० सेंटिमीटर लिहिलेलं असलं तरी एकास एक आकाराला, म्हणजे प्रतिमा जीवाएवढीच पडते तेव्हा, काचेपुढे १३-१५ सेंटिमीटरच उरतात. ६० मिमीच्या मॅक्रोत त्याहूनही कमी, आणि कीटक उडून जातो. टेलीफोटो असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्समागे बसणारी पोकळ नळी) लावून बघा: ३०० मिमीवर २५ मिमीची ट्यूब मोठेपणा सुमारे ०.०८ने वाढवते. ट्यूब लावलेली असताना दूरचं फोकस मात्र मिळत नाही.



स्टॅबिलायझेशन हाताचा कंप थोपवतं, पक्ष्याचे पंख नाही. उडत्या पक्ष्याला शटर साधारण १/२००० सेकंदाचं लागतं. पॅनिंगसाठी (पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत टिपताना) स्टॅबिलायझेशनचा मोड २ असेल तर तो वापरा. फोकस लिमिटर (फोकस ठरावीक अंतरांपुरतं ठेवणारा) स्विचही हवा: समोरच्या फांद्यांत फोकस अडकून पुन्हा अनंतापर्यंत फिरून येईस्तोवर क्षण निघून जातो. आणि उन्हाच्या दिवशी दोनशे मीटरवरचा फोटो सगळीकडे सारखाच मऊ आला तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या हवेची लहर कुठल्याच काचेला पार करता येत नाही; सकाळी या किंवा जवळ जा.

घेण्यापूर्वी १५-२० मीटरवरची खडबडीत भिंत सर्वांत लांब टोकाला, पूर्ण उघड्या ॲपर्चरला टिपा. कॅमेरा भिंतीला समांतर ठेवा. डावीकडचे कोपरे उजवीकडच्यांपेक्षा ठळकपणे मऊ आले तर काच तिरकी बसली आहे. स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढूनही एक फोटो घ्या. लांब लेन्सचं बिनसवण्यात तो तरबेज आहे. डीएसएलआरवर फोकस सातत्याने पुढे किंवा मागे पडत असेल तर कॅमेऱ्यातली एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) वापरता येते. फोटोगणिक बदलत असेल तर ती लेन्स नको. जुन्या लेन्सच्या मागून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ॲपर्चरची पाती तेलकट दिसत असतील तर ते उघडझाप करायला कचरतं आणि सलग फोटोंमध्ये उजेड कमी-जास्त होतो. ट्रायपॉडची कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) सैल करून लेन्स आडवी-उभी फिरवून बघा आणि तिच्या पायाची पट्टी आर्का-स्विस (ट्रायपॉडच्या पकडीत थेट बसणाऱ्या) मापाची आहे का तेही तपासा. नसेल तर वेगळी प्लेट लागेल, आणि दोन स्क्रूंऐवजी एकावर बसवलेली प्लेट जड लेन्सखाली हळूहळू फिरत राहते.