नडगीचं हाड घोट्याजवळ मोडलंय? ऑपरेशनआधी आणि नंतरची तयारी

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा की ऑपरेशनची तारीख बऱ्याचदा सूज ठरवते. नडगीच्या खालच्या टोकाला हाडावर जवळपास फक्त कातडीच असते, मांस नाहीच, त्यामुळे सुजलेल्या पायावर चीर दिली तर जखम भरत नाही, इन्फेक्शनची भीती असते. म्हणून खूप सूज असेल तर आधी बाहेरून पिना आणि रॉडची फ्रेम लावतात, सीटी स्कॅन करतात आणि मग कधी आठवडा तर कधी दोन-तीन आठवडे थांबून, कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की प्लेट-स्क्रू बसवतात. नातेवाईकांनो, "एवढे दिवस नुसतं पाडून ठेवलंय" म्हणून डॉक्टरांशी भांडू नका प्लीज, ह्या थांबण्यानेच पाय वाचतो.

ह्या दिवसांत पाय छातीपेक्षा वर राहील एवढ्या घट्ट उशा हव्यात. फ्रेम असेल तर पिनांभोवतीची सफाई नर्सकडून स्वतः करून शिकून घ्या. सिगारेट, तंबाखू आजपासून बंद, खरंच बंद, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो आणि जखमही चिघळते. शुगर असेल तर ती कंट्रोलमध्ये आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधीचे एक्स-रे, रिपोर्ट, औषधांची यादी, अॅलर्जी, सगळं एकाच फाइलमध्ये. उपाशी किती तास राहायचं ते भूलतज्ज्ञांना विचारा, साधारण जेवणाला 6 तास आणि साध्या पाण्याला 2 तास धरतात.

आता घराचं. सांध्यापर्यंत फ्रॅक्चर गेलं असेल तर बहुतेकदा 6 ते 12 आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नसतं, म्हणजे अजिबात नाही, बाथरूमपर्यंत दोन पावलंसुद्धा नाही. म्हणून वॉकर किंवा कुबड्या आधीच आणून एका पायावर चालायची प्रॅक्टिस करा. जमिनीवरच्या सतरंज्या-वायरी उचला, उंच कमोड आणि अंघोळीला खुर्ची बघा, जिना असेल तर झोपायची सोय खालीच करा.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे: औषध घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, बोटं हलवली की जीव जातोय, पाय बधिर किंवा थंड पडलाय, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, जखमेतून पू आला, तरी तेच.

फिजिओची वेळ आधीच ठरवा. डॉक्टर परवानगी देतील तेव्हापासून बोटं, गुडघा आणि मग घोटा हलवत राहा, नाहीतर हाड जुळतं पण घोटा आखडून बसतो.