ब्रेक ऑइल सांडलं तर पुसू नका: गॅरेजचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जॅक कुठे लावायचा, चाक कसं उतरवायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. तरी ‘सांडलं तर नंतर पुसू’ ही सवय ब्रेक ऑइलच्या बाबतीत आजच मोडा. इंजिन ऑइलचा थेंब रंगावर थोडा वेळ राहिला तरी सहसा डाग न ठेवता निघतो. ब्रेक ऑइलचे डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे ग्रेड मात्र ग्लायकॉल इथर या रसायनाचे असतात. ते रंगात मुरतात, रंग मऊ होऊन फुगतो आणि पोपडे निघतात.

नवशिके हमखास फसतात ते ब्रेक पॅड बदलताना, आणि तेही चाकापाशी नाही, बॉनेटखाली. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येतो आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी आपोआप उतरते. मधल्या काळात कोणीतरी ती ‘मॅक्स’पर्यंत भरून ठेवतं. नव्या पॅडसाठी तुम्ही पिस्टन आत दाबता, तेव्हा तेवढं ऑइल उलटं टाकीत येतं आणि झाकणाच्या कडेने ओघळतं. तुम्ही चाकाशी बसलेले, त्यामुळे कळतच नाही. टाकीखालचा रंग जातो, मग तिथेच गंज धरतो.

म्हणून पिस्टनला हात लावण्याआधी स्वच्छ सिरिंजने ऑइल ‘मिन’च्या जवळ येईपर्यंत काढा. टाकीभोवती आधी प्लास्टिक, त्यावर कापड अंथरा. नुसतं कापड नको! ते ऑइल शोषतं आणि रंगाला चिकटवून ठेवतं, म्हणजे उघड्या रंगापेक्षा वाईट. पिस्टन सावकाश दाबा, अधूनमधून उठून टाकी बघा. काढलेलं ऑइल परत ओतू नका; शेवटी झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं भरा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

तरीही सांडलंच तर घाबरू नका. वरच्या तीन ग्रेडचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. आधी टाकीचं झाकण घट्ट लावा, कारण आत पाणी गेलं तर ब्रेकचाच घात. मग भरपूर पाणी ओता, नंतर साबणाचं पाणी, पुन्हा साधं पाणी. घासू नका, मऊ झालेला रंग फडक्याबरोबर निघून येतो. शेजारी वायरिंगचे कनेक्टर असतील तर पाणी न ओतता ओलं फडकं टेकवून उचला, दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. लगेच धुतलं तर रंग बहुतेक वाचतो.

हातांसाठी नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे घ्या. ब्रेकचे भाग साफ करायच्या ब्रेक क्लीनरसमोर पातळ नायट्राइल फार टिकत नाही, भिजलं की लगेच बदला. त्याच हातमोज्यांनी दाराच्या हँडलला हात लागला की ऑइल तिथेही पोचतं.

पेट्रोलने हात धुवायला शिकवणाऱ्या उस्तादाकडून बाकी सगळं शिका, एवढं सोडून. पेट्रोल त्वचेचं तेल काढून टाकतं, त्वचा फाटते, आणि त्यातलं बेंझिन कातडीतून आत जातं. वापरलेल्या इंजिन ऑइलचा वर्षानुवर्षं संपर्क त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढवतो, म्हणून तेलकट चिंधी खिशात ठेवू नका.

बॅटरीचं आम्ल रंगावर पडलं तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फेस थांबेपर्यंत ओता, मग धुवा. अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर मात्र सोडा नाही: वाहतं पाणी, निदान 15 मिनिटं, आणि डोळा असेल तर लगेच डॉक्टर.