पेरूला जाताय? प्लॅन करताना या चुका टाळा

पेरूचा प्लॅन बहुतेक जण मॅप उघडून करतात. लिमा इथे, कुस्को तिथे, मधे एवढे किलोमीटर, मग एक फ्लाइट, दोन बस, झालं काम. पण या देशात अंतरापेक्षा उंची जास्त महत्त्वाची. समुद्राला लागून वाळवंट, मधे अँडीजचे डोंगर, डोंगरापलीकडे अ‍ॅमेझॉनचं जंगल, तिकडे याला कोस्ता, सिएरा आणि सेल्वा म्हणतात, आणि तिन्हीकडे हवामान वेगळं, कपडे वेगळे, प्राणी दिसायच्या वेळाही वेगळ्या. एकच बॅग आणि एकच टाइमटेबल घेऊन तिन्ही उरकायला गेलं की ट्रिप बिघडते.

लिमाहून उडून थेट कुस्को आणि दुसऱ्या दिवशी रेनबो माउंटन

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लिमा समुद्रकाठी, कुस्को साधारण ३४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर तुम्ही दीडेक तासात विमानातून उतरता आणि शरीराला तयारीला वेळच मिळालेला नसतो. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन साधारण एक तृतीयांश कमी. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही, जिना चढताना धाप लागते. रोज जिमला जाणाऱ्यालाही लागते, फिटनेसचा याच्याशी फार संबंध नाही. आणि अशा अवस्थेत लोक पहाटे उठून रेनबो माउंटनला निघतात, जो ५००० मीटरच्या वर आहे. कृपा करून हे करू नका.

उपाय सोपा आहे. कुस्को एअरपोर्टवरून गाडी करून थेट सेक्रेड व्हॅलीत, म्हणजे कुस्कोच्या खालच्या नदीखोऱ्यात, उतरा, ओयांतायतांबो वगैरे २८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे पहिल्या दोन-तीन रात्री काढा, तिथूनच ट्रेनने माचू पिक्चू करा (ते २४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा बरंच खाली, हे खूप जणांना माहीतच नसतं), आणि कुस्को शहर शेवटी ठेवा. वेळ असेल तर त्याहून चांगलं म्हणजे लिमाहून जमिनीवरूनच चढत जायचं, आधी पाराकास, मग आरेकिपा जे २३०० मीटरवर आहे, मग कोल्काची दरी, टिटिकाका तळ्याकाठचं पुनो आणि शेवटी कुस्को.

उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी चालते, पण निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच विचारून. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, पेरूत तो कायदेशीर आहे, पहिल्या दिवशी प्यायला बरा वाटतो. पण उरलेली पानं बॅगेत टाकून भारतात आणायची नाहीत, आपल्याकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. आणि बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळपर्यंत वाट बघू नका, लगेच खाली उतरवा आणि डॉक्टर गाठा.

कोल्काचा कंडोर एका दिवसात

कोल्काच्या दरीत कंडोर, म्हणजे अँडीजचं भलंमोठं गिधाड, बघायला आरेकिपाहून रात्री तीनला निघणाऱ्या एक दिवसाच्या टूर मिळतात, स्वस्त असतात म्हणून लोक घेतात. झोप झालेली नाही, पोट रिकामं, आणि बस तुम्हाला पातापाम्पाच्या ४९०० मीटरच्या खिंडीतून नेते. कंडोर दिसेपर्यंत निम्मी बस आडवी झालेली असते. माझं स्पष्ट मत, एक रात्र दरीतल्याच चिवाय किंवा यांके गावात राहाच. कंडोरच्या पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर जातो, एवढा जड पक्षी पंख मारत उडत नाही, ऊन पडून दरीतली हवा तापून वर यायला लागली की तिच्यावर तरंगत वर येतो. म्हणून क्रूस देल कोंदोर या पॉइंटला साधारण आठ ते दहा ही वेळ, आणि ढगाळ पावसाळी दिवसात ते कमी दिसतात. जाता-येता सालिनास इ आग्वादा ब्लांकाच्या राखीव पठारावर विकुन्याचे कळप असतात, ड्रायव्हरला थांबायला सांगा. विकुन्या हा पेरूचा राष्ट्रीय प्राणी, लामा आणि अल्पाका पाळीव पण हा पूर्ण जंगली, आणि मोकळ्या पठारावर पळताना बघितला की फोटो काढायचं भान राहत नाही.

पाराकासच्या बायेस्तास बेटांचंही तसंच. दुपारी वारा जोरात सुटतो म्हणून बोटी सकाळीच जातात, त्यामुळे लिमाहून उशिरा निघून चालत नाही. बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच सी लायन, हम्बोल्ट पेंग्विन आणि हजारो समुद्रपक्षी बघायचे. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ पेंग्विन कसे, तर थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे, त्याच थंड पाण्यामुळे शेजारच्या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही आणि वाळवंट झालंय.

जंगलाला एक रात्र

कुस्कोहून पुएर्तो माल्दोनादो विमानाने तासाभराच्या आत, म्हणून लोक शेवटी एक रात्र जंगल चिकटवतात. मग विमान, गाडी, नदीतली बोट, लॉज, जेवण आणि दुसऱ्या दिवशी परत. तिथल्या तांबोपाताच्या जंगलात किमान तीन रात्री द्या. मकॉ पोपट नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर माती खायला येतात, त्याला कोल्पा म्हणतात, पण ते सूर्योदयाच्या सुमाराला, आणि पाऊस असेल तर येतच नाहीत, म्हणून हाताशी दुसरी सकाळ लागते. जायंट ऑटर नदीपासून तुटलेल्या शांत तळ्यांमध्ये राहतात आणि तिथे वल्ह्याच्या तराफ्यातून हळूहळूच फिरवतात. जग्वार कोरड्या महिन्यांत कधी नदीच्या वाळूवर बसलेला दिसतो, पण कोणी गॅरंटी देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.

अजून एक, गुलाबी डॉल्फिन तांबोपातात नाहीत! त्यासाठी उत्तरेला इकितोसकडे, पाकाया सामिरियाच्या राखीव जंगलात जावं लागतं, आणि इकितोसला देशाच्या बाकी भागातून रस्ताच नाही, विमान किंवा बोट. दोन्ही जंगलं एकाच ट्रिपमध्ये कोंबू नका.

आणि जंगल म्हणजे उकाडा म्हणून सगळे गरम कपडे कुस्कोच्या हॉटेलात ठेवून जातात. मे ते सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट येते, तिथे तिला फ्रियाहे म्हणतात, तापमान एकदम खाली येतं, कधी १० अंशांच्या आसपाससुद्धा, आणि उघड्या बोटीत दोन-तीन तास बसलं की हात बधिर होतात. एक जाड जॅकेट सोबत हवंच.

इकितोसच्या बाजूला काही ठिकाणी स्लॉथ किंवा माकड हातात देऊन फोटो काढतात. ही पिल्लं जंगलातून पकडून आणलेली असतात, बऱ्याचदा आईला मारून. एक फोटो दिला की पुढचं पिल्लू पकडायला पैसे मिळतात, म्हणून मनापासून सांगते, अशा ठिकाणी पाऊलच ठेवू नका. पिसांचे दागिने, दातांच्या माळाही घेऊ नका, कस्टम्सला पकडल्या जातात.

सुट्टी आणि सीझन

डोंगरात आणि जंगलात साधारण डिसेंबर ते मार्च पाऊस, माचू पिक्चूला पायी नेणारा इंका ट्रेल तर पूर्ण फेब्रुवारी बंद असतो. म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीपेक्षा आपली मे महिन्याची सुट्टी पेरूला चांगली, कोरडा सीझन तेव्हाच सुरू होतो. फक्त त्यानंतरच्या महिन्यांत पुनो आणि कोल्काला रात्रीचं तापमान शून्याखाली जातं, आणि लिमा राखाडी असते, ऊन क्वचित, झिमझिम चालू.

कागदपत्रं

यलो फीव्हरच्या लसीबद्दल लोक पेरूचे नियम वाचतात आणि भारताचे विसरतात. यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे, सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर एअरपोर्टवरूनच क्वारंटाइनमध्ये नेऊ शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं आणि अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, म्हणून महिनाभर आधी लागा. साठीच्या पुढचे आईबाबा सोबत असतील किंवा कोणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरशी बोला.

भारतातून थेट फ्लाइट नाही. अमेरिकेतून जात असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, युरोपमार्गे जात असाल तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम तिकीट काढायच्या आधी बघा. माचू पिक्चूचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक सर्किटचं असतं, आत गेल्यावर मार्ग बदलता येत नाही, त्यामुळे तो प्रसिद्ध वरून दिसणारा व्ह्यू हवा असेल तर कोणत्या सर्किटला तो मिळतो ते बघूनच घ्या आणि गेटवर ओरिजिनल पासपोर्ट सोबत ठेवा, तिकिटावरचं नाव-नंबर त्याच्याशी जुळवून बघतात.