एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेताना

दाव्यात तुम्ही (प्रतिवादी) गैरहजर असताना झालेला निकाल म्हणजे एकतर्फी हुकूमनामा. आधी रोजनामा, म्हणजे न्यायालयाची तारीखवार नोंद, पाहा. नुसता ‘एकतर्फी’ आदेश झाला असून निकाल बाकी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 7 खाली अर्ज करा. हुकूमनामा झाला असेल तर नियम 13, आणि तोही त्याच न्यायालयात.

मुदत 30 दिवस: हुकूमनाम्याच्या तारखेपासून, समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. उशीर झाला असल्यास सोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडा.

खरी लढाई समन्सच्या बजावणी अहवालावर (समन्स कसे, कोणाला दिले याच्या नोंदीवर) होते. त्याची नक्कल आधी काढा. पत्ता जुना आहे का, सही कोणाची, ‘घेण्यास नकार’ लिहिले असेल तर साक्षीदार कोण, हे बारकाईने तपासा. मगच प्रतिज्ञापत्र लिहा: हुकूमनामा कधी, कोणाकडून, कसा कळला. ‘आजारी होतो’ एवढे मोघम लिहिलेले अर्ज हमखास पडतात. तारखांसह वैद्यकीय कागद लावा. बजावणीत फक्त त्रुटी आहे, पण तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता, असे दिसले तर हुकूमनामा रद्द होत नाही.

दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई) सुरू असेल तर स्थगिती स्वतंत्रपणे मागा. नुसत्या अर्जाने जप्ती थांबत नाही. लेखी कैफियतीचा (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा) मसुदाही तयार ठेवा. न्यायालय खर्च किंवा रक्कम भरायची अट घालू शकते. ती मुदतीतच पाळा.

नियम 13 चा अर्ज फेटाळला तर त्या आदेशावर आदेश 43 खाली अपील करता येते.