बांगडीचं माप घरच्या घरी कसं काढावं?

परगावच्या भाचीला बांगड्या पाठवायच्या असतात आणि माप विचारलं की उत्तर येतं, "मावशी, तुझ्याएवढंच असेल." कासाराला हात दाबून पाहिला की माप कळतं, आपल्याला नाही. पण कागदाची पट्टी, फूटपट्टी आणि शाळेतला पाय (π) एवढ्यावर ते फोनवरूनही काढता येतं.

आधी मापाची भाषा. बांगडीचं माप म्हणजे तिचा आतला व्यास, इंचात. दोन-चार म्हणजे २ इंच आणि वर ४ सोळांश इंच, अर्थात सव्वादोन. दोन-सहा म्हणजे २.३७५ आणि दोन-आठ म्हणजे अडीच इंच. हेच माप ऑनलाइन २.४, २.६ असं छापतात आणि घोळ होतो. ते टिंब दशांश चिन्ह नव्हे. तसं असतं तर २.१० ची बांगडी २.८ पेक्षा लहान निघाली असती!

खरी अडचण पुढेच आहे. व्यास बांगडीला असतो, हाताला कुठला? हाताचा घेर तेवढा मोजता येतो. घेराकडून व्यासाकडे नेणारा आकडा म्हणजे पाय: कोणत्याही वर्तुळाचा परीघ भागिले त्याचा व्यास.

पायरी १: पाय स्वतः तपासा. ही पायरी गाळली तरी चालेल, पण गाळू नका. एखाद्या कड्याचा बाहेरचा व्यास मोजा. काठावर पेनाने खूण करा, खूण कागदाला टेकवा आणि कडं न घसरू देता सरळ रेषेत तीन फेरे फिरवा. ६.५ सेंमी व्यासाचं कडं सुमारे ६१.३ सेंमी जाईल. त्याला ३ ने भागा, मग ६.५ ने. उत्तर ३.१४ च्या आसपास येतं. एकच फेरा घेतला तर खूण जरा चुकली तरी उत्तर हलतं, तीन फेऱ्यांत ती चूक विभागली जाते. आता डब्याचं झाकण घ्या, सायकलचं चाक घ्या. आकार बदलेल, हा भागाकार नाही.

पायरी २: हाताचा घेर घ्या. बांगडी भरताना करतो तसा अंगठा करंगळीकडे वळवून हात चिंचोळा करा. बोटांच्या मुळाशी, जिथे हात सगळ्यात रुंद भरतो तिथे कागदाची पट्टी गुंडाळा. दोरा नको, तो ताणला जातो. पट्टी जिथे जुळते तिथे खूण करून लांबी मोजा.

पायरी ३: भागा. समजा, घेर १९ सेंमी आला. १९ ÷ ३.१४ = ६.०५ सेंमी. इंचासाठी २.५४ ने भागा: २.३८. म्हणजे दोन-सहा.

इथे एक गंमत आहे. दोन-चार ते दोन-सहा हा फरक व्यासात पाव इंचाच्या निम्मा, ३.१७५ मिमी. त्याला ३.१४ ने गुणलं की परीघात जवळजवळ १ सेंमी वाढतो. म्हणून १८ सेंमीला दोन-चार, १९ ला दोन-सहा, २० ला दोन-आठ, २१ ला दोन-दहा एवढं लक्षात ठेवलं तरी भागाकार टळतो. सोन्याची बांगडी करताना हाच सेंटिमीटर खिशाला लागतो: जाडी तीच ठेवून दोन-सहाची दोन-आठ केली की सोनं साधारण ५ टक्के जास्त.

३.१४ ऐवजी २२/७ घेतलं तर? भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त दोन्ही सोयी दिल्या आहेत: ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, हे सूक्ष्म मान आणि २२/७ हे स्थूल, पण व्यवहाराला योग्य. आपला व्यवहार बांगडीचा. १९ सेंमी घेरावर या दोन मानांनी येणाऱ्या व्यासांत ०.०३ मिमीचाही फरक पडत नाही. खरी चूक पट्टी सैल धरण्यात होते.

हात वर्तुळासारखा गोल नसतो, चपटा असतो, आणि बांगडी काही वाकत नाही. त्यामुळे घेर १९.५ असा अध्येमध्ये आला तर मोठं माप घ्या, विशेषतः काचेच्या बांगड्यांना.