पार्टीतल्या गमतीदार शिक्षा: या चुका टाळा, खेळ रंगेल

‘नवऱ्याच्या नावाचा उखाणा घ्या.’ ही चिठ्ठी मीच लिहिली होती. ऑफिसच्या छोट्याशा पार्टीत पार्सलचा खेळ चालला होता: गाणं थांबेल तेव्हा पुडकं ज्याच्या हातात, त्यानं एक थर सोडायचा आणि आतल्या चिठ्ठीतली शिक्षा करायची. गाणं थांबलं, वर्तमानपत्राचा आणखी एक थर सुटला आणि चिठ्ठी आली महिन्याभरापूर्वीच रुजू झालेल्या एका बाईंच्या हातात. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली. कोपऱ्यातून दोघं-तिघं ‘उखाणा, उखाणा’ करत टाळ्या वाजवायला लागले. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या उठल्या, लेकीचं नाव घेऊन दोन ओळी म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या पडल्या. मला मात्र त्या संध्याकाळी त्यांच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

तेव्हापासून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं की मी एवढंच तपासते: जमलेल्यांपैकी कुणाच्याही हातात ही चिठ्ठी पडली तर चालेल का? साहेबांच्या, सासूबाईंच्या, कालच आलेल्या ट्रेनीच्या, नुकतंच लग्न मोडलेल्या मैत्रिणीच्या? एकाच्या बाबतीतही मन कचरलं तर ती चिठ्ठी फाडायची.

चिठ्ठी माणसाच्या खासगी गोष्टीला हात घालते

पगार किती, वजन किती, लग्न कधी, पहिलं प्रेम कोण, या चिठ्ठ्या लिहायला सोप्या असतात म्हणून सगळीकडे दिसतात. आणखी एक चूक सहज होते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: ‘मालवणीत भांडा’, ‘वऱ्हाडीत बोला’. जो माणूस घरी आईशी तीच बोली बोलतो, तो समोर बसून सगळ्यांना आपल्या भाषेवर हसताना बघत असतो. बोली ही नक्कल करायची गोष्ट नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

उखाणा मात्र सोडू नका, फक्त त्यातला नवरा-बायको काढा. कुकर, रिक्षा, वायफाय, चहाचं मशीन, कशाचंही नाव घ्यायला सांगा. आमच्याकडे एकीनं उभ्या उभ्या घेतला होता:

लाल दिवा लागला, कागद बसला अडून,
प्रिंटररावांचं नाव घेते दोन्ही हात जोडून.

अकाउंट्सवाले अजून त्या प्रिंटरला ‘राव’ म्हणतात.

माझी सगळ्यात आवडती शिक्षा: एक मिनिट एकही इंग्रजी शब्द न वापरता आपण दिवसभर काय काम करतो ते सांगायचं. इंग्रजी शब्द आला की सगळ्यांनी टेबलावर थाप मारायची. आमच्या एका टेस्टरनं सुरुवात केली, ‘मी सकाळी लॉगिन...’ थाप. ‘मी सकाळी आत शिरतो, मग बग...’ थाप. मग तो बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘दुसऱ्यांनी केलेल्या चुका मी शोधतो आणि त्यांना वाईट वाटणार नाही अशा रीतीनं कळवतो.’ माणसं खुर्चीवरून पडायची बाकी होती. ही शिक्षा चालते, कारण त्यात सगळेच अडकतात, हसणारेही.

अशाच आणखी काही: एसटीच्या कंडक्टरसारखं ‘पुढं सरका, पुढं सरका’ करत सगळ्यांना तिकिटं फाडायची. लोकलमधल्या उद्घोषणेच्या सुरात आजचा मेनू जाहीर करायचा. भेळ खाणाऱ्या मित्राचं क्रिकेटसारखं धावतं समालोचन करायचं. स्टेपलर भाजीवाल्याच्या आरोळीनं विकायचा. डोळे मिटून म्हैस काढायची आणि ती बाकीच्यांनी ओळखायची. ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ किंवा ‘चटईला टाचणी टोचली’ न अडखळता पाच वेळा म्हणायचं. सामान काही लागत नाही आणि बुजऱ्या माणसालाही जमतं.

शिक्षा म्हणून खायला-प्यायला घालणं

इथे मी अजिबात सवलत देत नाही. कच्ची मिरची, चमचाभर दालचिनी पूड, तोंडात मावतील तितके मार्शमेलो किंवा गुलाबजाम कोंबून बोलणं, हे सगळं यादीतून काढून टाका. मऊ पदार्थ घशात अडकला की श्वास बंद व्हायला वेळ लागत नाही, आणि मार्शमेलोच्या या खेळात परदेशात माणसं दगावली आहेत. पाणीसुद्धा निरुपद्रवी समजू नका. 2007 मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ केंद्रानं लघवी रोखून जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस होतं व्हिडिओ गेमचं यंत्र. भाग घेतलेली तीन मुलांची आई त्याच दिवशी मरण पावली. थोड्या वेळात फार पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते. ‘एक पेग मार’ ही शिक्षाही याच रांगेत बसते. ज्याला प्यायची आहे त्यानं आपल्या मर्जीनं प्यावी, खेळात हरला म्हणून नाही. शिवाय कुणाचा उपास असतो, कुणी अंडं खात नाही, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते.

ऑफिसची पार्टी ऑफिसबाहेर आहे, म्हणून सगळं चालतं हा समज

रिसॉर्टवर गेलं की लोक सैल सुटतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा मात्र कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहनही कामाचं ठिकाणच मानतो. ‘अमुकला मिठी मार’, ‘तमुकला प्रपोज कर’, ‘चावट विनोद सांग’ या चिठ्ठ्या तिथे गंमत उरत नाहीत. बॉसची नक्कलही टाळा. बॉस हसतो, पण नक्कल करणारा अप्रेझलपर्यंत धाकधुकीत राहतो.

आणि शूटिंग. खेळ सुरू होण्याआधीच सांगून टाका की शिक्षेचे व्हिडिओ स्टेटसला जाणार नाहीत. हे नंतर सांगून उपयोग नसतो, तोवर ते कुठल्या कुठे पोचलेले असतात.

खेळ मध्येच बसला तर

लोक मोबाईल काढायला लागले, तर बहुतेक वेळा शिक्षा लांबलेल्या असतात. हिशोब करून बघा: 25 जण आणि प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे 50 मिनिटं नुसत्या शिक्षेत. 40 सेकंदांवर घंटा वाजवा आणि सगळ्यांवर पाळी आलीच पाहिजे हा हट्ट सोडा.

पार्सल एकाच माणसापाशी पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर गाणं लावणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवा. त्याच्या मनात काही नसलं तरी समोर दिसतंय म्हटल्यावर बोट तिथेच दाबलं जातं.

सुरुवातीलाच सगळे बुजलेले असतील तर पहिली शिक्षा आयोजकानं घ्यावी, किंवा जमलेल्यांत सगळ्यात ज्येष्ठ असेल त्याला आधी विचारून तयार ठेवावं. ज्येष्ठ मॅनेजर ‘कांदे घ्या, बटाटे घ्या’ करत टेबलाभोवती फिरले की ट्रेनीची भीड चेपते.

कुणी ‘मला नको’ म्हणालं तर? कारण विचारू नका. लहानपणी खेळताना धाकट्या भावंडाला आपण लिंबूटिंबू ठेवायचो ना? ते सगळ्यांबरोबर धावायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तशी सोय मोठ्यांनाही हवी. एकदा चिठ्ठी बदलता येते, किंवा एक जोडीदार बोलावता येतो, हे आधीच जाहीर करा. ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवणाऱ्याला तिथेच थांबवा.

आणि कुणी दुखावलं गेलंच, तर सगळ्यांसमोर माफीचा सोहळा करू नका. त्यानं त्या माणसावर पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरा वळतात. पुढची चिठ्ठी पटकन काढा आणि दुसऱ्या दिवशी एकट्याला गाठून साध्या शब्दांत बोला. मी त्या बाईंना सकाळी चहाच्या वेळी गाठलं होतं. ‘तुम्हाला कुठे माहीत होतं,’ त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ यजमानांबद्दल बोलत राहिल्या.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर खेळ ठेवणार असाल तर चिठ्ठ्यांचे दोन डबे करा. खास परवानगी नसेल तर रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि दूध तर 12 वाजता. म्हणून आरोळ्यांच्या शिक्षा आधी उरका, मूकाभिनयाच्या मागे ठेवा. एक शब्दही न बोलता ‘दोन वडापाव, एकात चटणी कमी, सुटे पैसे नाहीत’ हे समजावून सांगायला लावा. दूध आटेपर्यंत वेळ छान जातो आणि खालच्या मजल्यावरची लहान मुलंही झोपलेली राहतात.